क्लॅरिनेटवालीने हे तुमच्या आधीच म्हटलंय

सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. राग नाही आला, उलट बरं वाटलं की कोणीतरी नुसता अंगठा न दाखवता भांडायला आलं. एमिली सेंट जॉन मँडेलच्या 'स्टेशन इलेव्हन' या कादंबरीवर (फ्लूच्या साथीत जग संपल्यावर गावोगाव शेक्सपिअरची नाटकं करत फिरणाऱ्या मंडळीची गोष्ट) मी जे कौतुक लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं की ९९ टक्के माणसं फ्लूने मेल्यावर उरलेले पोटामागे धावतील, शेक्सपिअर कोण बघणार, हे सगळं एसीत बसून सुचलेलं आहे, आणि आपल्या नाशिककरांना त्याचं काय.

आता गंमत अशी की तुमचा हा आक्षेप कादंबरीतच आहे. त्या फिरत्या मंडळीत एक क्लॅरिनेट वाजवणारी आहे (तिथे बऱ्याच जणांची नावं पण वाद्यांवरूनच), तिला शेक्सपिअरचा वैताग आलेला असतो, तिला आजच्या जगण्यावरचं नाटक हवंय, ते ती लिहायला पण घेते. म्हणजे लेखिकेला तुमचा प्रश्न माहीत होता.

आणि पोटाचं म्हणाल तर ही मंडळी काही उपाशीपोटी कला करत नाहीत हो, शिकार करतात, पहारे देतात, पेट्रोल केव्हाच खराब झालंय म्हणून पिकअप गाड्यांची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपलेत आणि त्या गाड्यांच्या बाजूने रणरणत्या उन्हात चालता चालता 'किंग लिअर'ची तालीम चाललीये. त्यांच्यातली नटी कर्स्टन, तिच्या मनगटावर दोन सुऱ्या गोंदलेल्या आहेत, जेवढी माणसं मारली तेवढ्या. साथीनंतरचं पहिलं वर्ष, तेव्हा ती लहान पोर होती, तिला आठवतच नाही. तुम्ही म्हणता लेखिकेने अवघड भाग गाळला, मला वाटतं पोरीला आठवत नाही यातच सगळं आलं, अजून किती सांगायचं?

२०२० च्या मे मध्ये, लॉकडाऊनमध्ये, आम्ही काही जण विल्होळीजवळ हायवेवर पाणी, बिस्किटं वाटायला उभे राहायचो. चालत गावी निघालेल्या एका पोराने पुडा घेतला आणि चार्जर आहे का विचारलं. मला वाटलं घरी फोन करायचा असेल, तर नाही, त्याला गाणी लावायची होती, मागच्या बायकांचे पाय उचलेनात म्हणून. पाय सुजलेले, त्यात ऊन, आणि याला बॅटरीची काळजी. ती काय चैन होती का?

आपल्याला काय त्याचं, हे तर तुम्ही नाशकात बसून म्हणूच नका. कादंबरी सुरू होते तीच टोरांटोत लिअरचं काम करणारा नट स्टेजवर कोसळतो तिथून, आणि त्याच लिअरवरून आपल्या नाशिकच्या तात्यासाहेबांना, म्हणजे कुसुमाग्रजांना, 'नटसम्राट'मधला बेलवलकर सुचला. १९७० पासून ते नाटक बघून रडतोय की आपण.

हां, कादंबरीतल्या त्या प्रॉफेटचा, म्हणजे स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्या पंथाच्या म्होरक्याचा, सगळा भाग मात्र मलाही फिल्मी वाटतो, शेवटी तर फारच जुळून येतं सगळं. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, तिथे भांडला असतात तर मी तुमच्या बाजूने होतो.