‘आरएक्स १०० आहे ना? मग लाखाला डोळे झाकून घ्या’: डोळे उघडे ठेवून दिलेलं उत्तर

बाइकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यामाहा आरएक्स १०० ही बनवणंच बंद झालेली बाइक आहे, त्यामुळे तिचा भाव चढतच राहणार. इंजिन जपानी आहे, ते मरत नाही. कागदपत्रं काय, नंतरही होतात. रिस्टोअर केलेली असेल तर दीड लाखही स्वस्त. आणि थोड्याच वर्षांत ती ‘व्हिंटेज’ झाली की पैसे दुप्पट.

मी स्वतःसाठी दोन आणि मित्रांसाठी सात-आठ आरएक्स पारखून घेतल्या आहेत. या मेसेजवर विश्वास ठेवून पहिल्या नोकरीतली शिल्लक घालवलेली मुलं माझ्याकडे गाडी घेऊन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बंद झाली, म्हणून भाव चढणारच’

एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये ही गाडी आणली आणि १९९६ मध्ये, धुराचे नियम कडक झाल्यावर, ती थांबली. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं ती धडाधड विकली गेली. आजही एखाद्या तालुक्याच्या बाजारात उभं राहिलात तर संध्याकाळपर्यंत एक तरी आवाज कानावर येतोच. नुसती आरएक्स दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती न छेडलेली, चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळणारी, नोंदणी चालू असलेली आरएक्स. भाव चढलाय तो तिचा. बाकीच्या गाड्या तिच्या नावावर खपवल्या जातायत.

‘इंजिन जपानी, मरत नाही’

सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून येऊन इथे जोडले गेले, हे खरं. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले. पण जपानी असो की देशी, टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन, रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजतातच. ९८ सीसीचं इंजिन, मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर ११ बीएचपी. ही ताकद इंजिन जोरात फिरण्यातून येते, आणि या गाड्या तिशीच्या घरातल्या किंवा त्याहून जुन्या आहेत.

म्हणून पहिला प्रश्न वर्षाचा नको, बोअरचा हवा. ब्लॉक (सिलिंडर) स्टँडर्ड, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचा आहे, की झिजल्यावर पाव, अर्धा, पाऊण मिलिमीटर मोठा केलेला? एक मिलिमीटरपर्यंत बोअर झालेला असेल तर पुढची पायरी स्लीव्हची, म्हणजे आत नवी नळी बसवण्याची. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने इंजिन ‘नुकतंच बनवलंय’ म्हटलं तरी मी त्याचे पैसे धरत नाही.

बघायला जाताना आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर चहा घेऊन या, थंड होऊ द्या. गार इंजिनला किक मारल्यावरच रॉडचा खडखडाट आणि पिस्टनचा टकटक आवाज नीट कळतो. सुरुवातीचा धूर कोणीही माफ करेल. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑईलची पातळी उतरत असेल, तर क्लचकडचा क्रँक सील (इंजिनच्या मुख्य दांड्याभोवतीची रबरी चकती) गेला असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या बाजूचा, मॅग्नेटोकडचा सील गेला तर बाहेरची हवा ओढली जाते, रेस सोडल्यावरही इंजिन चढलेलंच राहतं. तसंच पळवत राहिलं तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. सील स्वस्त असतो, पण तो बदलायला इंजिन फोडावं लागतं. ती मजुरी किमतीतून वजा करायची.

ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बदललेल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे जास्त फसगत होते. ब्लॉकमधले पोर्ट (हवा आणि धुराची भोकं) घासलेले, एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा सायलेन्सर) लावलेला, कधी खाली आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेलं. विकणारा याचे जास्त पैसे मागतो. शर्यतीत पळवणाऱ्याला ते योग्य वाटूही शकतं. रस्त्यावर चालवणाऱ्यासाठी मात्र तो तोटाच आहे. घासलेला पोर्ट परत भरता येत नाही, कंपनीचा चांगला ब्लॉक शोधताना दमछाक होते. आणि १३५ चं इंजिन म्हणजे आरसीवर एक नंबर आणि गाडीवर दुसरा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असा बदल चालत नाही.

‘कागदपत्रं नंतर होतात’

मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सगळ्यात शेवटच्या, १९९६ च्या आरएक्सची पहिली मुदतसुद्धा २०११ मध्येच संपली. म्हणजे तुमच्या समोरची प्रत्येक आरएक्स एकतर नूतनीकरण झालेली आहे किंवा बेकायदा रस्त्यावर आहे. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १००० रुपयांवर गेलं, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी २०२५ मध्ये ते २००० झालं. वर पर्यावरण कर. ही रक्कम सोसता येते. खरी गोम पुढे आहे.

गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस हयात आहे का? नसेल तर मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवरच्या जुन्या सह्या निरुपयोगी. वारसांना ३१ नंबरचा फॉर्म भरून आधी नाव चढवावं लागतं, आणि चार भावांपैकी एक जण सही देत नाही. आरसीवर बोजा आहे का? नव्वदच्या दशकात एखाद्या पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली गाडी, कर्ज कधीच फिटलं, पण ना-हरकत आणली नाही आणि आता ती पतसंस्थाच उरली नाही. जुन्या रजिस्टरमधली नोंद ऑनलाइन चढली आहे का? नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, मग बाकी सगळं. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसुद्धा त्याशिवाय निघत नाही.

माझी पहिली आरएक्स मी अशीच, सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मवर घेतली होती. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा उथळ आणि तिरके उमटले. पैसे देऊन आठ दिवस झाले होते. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ती गाडी माझ्या नावावर कधीच झाली नाही, शेवटी मी चालवणंच सोडलं. म्हणून आता पेन्सिल आणि पातळ कागद आधी खिशात, पैसे नंतर.

ज्या गाडीचे कागद होणारच नाहीत तिची किंमत सुट्या भागांइतकी. नाव कुठलंही असो.

‘रिस्टोअर केलीय, दीड लाखही स्वस्त’

मालकाने किती खर्च केला यावरून गाडीची किंमत ठरत नाही. नवा रंग, चकचकीत निकेल, शून्यावर आणलेलं मीटर हे सगळं मी संशयाने बघतो, कारण झाकायची वस्तू रंगाखालीच असते. टाकीला लोहचुंबक लावा, पुटी असेल तिथे तो धरत नाही. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत गंज बघा. पावडर कोटिंगने चासी नंबरचे खाचे भरले असतील तर आरटीओत तपासणीच्या वेळी अडकाल. मडगार्ड, इंडिकेटर, साईड कव्हर बहुतेक वेळा बाजारातले असतात. ते वाईट नाहीत, पण त्यांना ‘ओरिजिनल’चा भाव द्यायचा नाही. रंग उडालेली, जुन्या पत्र्याची गाडी मला जास्त पटते, तिची अवस्था तरी दिसते.

जाहिरातीतल्या भावाचंही तेच. तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे. एक लाख चाळीसची तीच गाडी तीन महिन्यांनी पुन्हा दिसली तर त्या आकड्याला गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच त्यातून कळतं. आपल्या भागातल्या दोन-तीन जुन्या मिस्त्रींना विचारा की अलीकडे कुठली गाडी प्रत्यक्षात कितीला गेली. तो आकडा धरा आणि तिथून वजाबाकी सुरू करा.

‘व्हिंटेज होणार’

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. सगळ्यात जुनी आरएक्ससुद्धा तिथे २०३५ मध्ये पोहोचेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

गेल्या महिन्यात कराडजवळ एका काकांकडे १९९३ ची गाडी पाहिली. नूतनीकरण २०२८ पर्यंत, नाव पहिल्या मालकाचंच, दोन्ही नंबर जुळलेले, ब्लॉक अर्धा मिलिमीटर मोठा केलेला. क्लचकडचा सील गेलेला, टायर कडक झालेले, सीट फाटलेली. काकांनी ८५ हजार सांगितले. सील आणि इंजिन फोडायची मजुरी, टायर, सीट, नाव बदलण्याचा खर्च असं त्यांच्याच वहीत लिहून दाखवलं, बेरीज चौदा हजारांच्या आसपास गेली. काकांनी वही दोनदा वाचली आणि ७२ वर हो म्हटलं. सील बदलून झालाय. रंग तसाच ठेवणार आहे.