अडत्या

निपाणीला गेलो की मामा दर खेपेला तोच प्रश्न विचारतात. "अरं, पण तू करतोस काय तिकडं?"

मामांची बिडी-तंबाखूची वखार होती. भाचा रसायनशास्त्र शिकून इंग्लंडात एका सिगारेट कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला, तेव्हा घरचाच धंदा सातासमुद्रापार गेला अशा थाटात त्यांनी पेढे वाटले होते. पुढे मला बढती मिळाली. प्रयोगशाळेतून उचलून मला 'समूह संशोधन समन्वयक' केलं. तेव्हापासून मामांना माझं काम कळेनासं झालं. खरं तर मलाही.

"मामा, आमच्या पाचसहा देशांत प्रयोगशाळा आहेत. ब्राझीलला काही नवं कळलं की ते इंडोनेशियाला कळावं, एवढं बघायचं."

"ब्राझीलवाल्याकडं इंडोनेशियाचा फोन नंबर न्हाई?"

"आहे."

"मग?"

"ते बोलत नाहीत."

मामांचा अडकित्ता थांबला. "अडत्या हाईस म्हण की! अडत किती सुटती?"

अडत सुटत नाही, झोप मात्र उडते. दर मंगळवारी दुपारी एकला आमची बैठक असते. उन्हाळ्यात तेव्हा ब्राझीलमध्ये सकाळचे नऊ, अमेरिकेतल्या केंटकीत आठ, आंध्रात संध्याकाळचे साडेपाच आणि जकार्तात सात वाजलेले असतात. जगात साडेपाच नावाची वेळ असू शकते यावर केंटकीकरांचा अजून विश्वास बसलेला नाही. आंध्रवाले कधी अर्धा तास आधी हजर, नाहीतर अर्धा तास उशिरा. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. ब्राझीलने २०१९ साली हा खेळच बंद केला. भारत आणि इंडोनेशिया यात पडतच नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये दोनतीन आठवडे असे येतात, की मी एकटाच पडद्यासमोर बसून स्वतःच्याच चेहऱ्याशी ज्ञानाची देवाणघेवाण करतो.

आणि समजा सगळे भेटलेच, तर आकडे भेटत नाहीत.

पानातली ओल ही साधी गोष्ट घ्या. मामा वखारीत गेले की पान मुठीत आवळायचे, सोडायचे, चुरचुर ऐकायचे आणि सांगायचे, "अजून दोन दिवस ठेवा." आमच्याकडे ब्राझील तेच पान भट्टीत वाळवून १३ टक्के सांगतं आणि आंध्र १२. तीन बैठका यावर झाल्या. चौथ्या बैठकीत कळलं, की आंध्रवाले कार्ल फिशरच्या रासायनिक पद्धतीनं फक्त पाणी मोजतात आणि भट्टीत पाण्याबरोबर जे जे उडून जातं ते सगळं ब्राझीलवाले पाणी म्हणून धरतात. दोघंही बरोबर. दोघांनाही हे आधीपासून ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत? तर कोणी विचारलं नाही.

धुराचंही तेच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमानं सिगारेट ओढणारं यंत्र मिनिटाला एक झुरका घेतं, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. कॅनडाच्या नियमानं ५५ मिलिलिटरचा, दर अर्ध्या मिनिटाला, आणि फिल्टरजवळची हवेची भोकं बुजवून. त्यामुळे एकच सिगारेट एका कागदावर सात्त्विक आणि दुसऱ्यावर राक्षसीण. एका प्रयोगशाळेनं कोणता नियम वापरला तेच लिहिलं नाही आणि आम्ही सहा आठवडे एका 'क्रांतिकारक' फिल्टरचं कौतुक करत बसलो. माणूस यातल्या कुठल्याच नियमानं ओढत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते इतिवृत्तात येत नाही.

मग ठरलं की सगळ्यांनी एकाच मालाची चाचणी करायची. केंटकी विद्यापीठ खास संशोधनासाठी संदर्भ-सिगारेटी बनवून घेतं. त्या विकत घेऊन ओढायच्या नसतात, मोजायच्या असतात. तसे २००० नग मी एका देशात पाठवले. कस्टमनं अडवले. फोनवर साहेब.

"दोन हजार सिगारेटी? आणि विक्रीसाठी नाहीत म्हणता?"

"चाचणीसाठी आहेत."

"म्हणजे ओढणार."

"हो, पण यंत्र ओढणार."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अतिशय मऊ आवाजात, "यंत्राला लायसन्स आहे?"

खोकं सात आठवडे पावसाळी गोदामात पडून राहिलं. चाचणीआधी सिगारेटी २२ अंश तापमानाला आणि ६० टक्के आर्द्रतेत निदान दोन दिवस ठेवायच्या असतात. त्या हाती आल्या तेव्हा मामांनी मुठीत धरल्या असत्या तर हात धुवायला गेले असते.

पण ब्राझील, आंध्र, कस्टम हे सगळे एका पारड्यात आणि आमचा विधी विभाग दुसऱ्या. माझं काम ज्ञान पसरवायचं, त्यांचं ते सांडू न द्यायचं. अहवाल आधी त्यांच्याकडे जातो. परत येतो तेव्हा 'धोका'ची 'बाब' झालेली असते, 'हानिकारक'चं 'संबंधित' आणि निष्कर्षाचं पान गळालेलं. एकदा नुसती पानांच्या ओलीची सारणी परत आली, तिच्यावर 'गोपनीय' असा शिक्का. बायको मंडळाच्या गणपतीत मी 'शेतीमालात' आहे असं सांगते. तिची या विभागात सहज निवड होईल.

त्यांच्या भीतीला इतिहास आहे, आणि तो त्यांना शोभेसाच आहे. १९९४ साली कॅलिफोर्नियातले प्राध्यापक स्टॅन्टन ग्लान्ट्झ यांच्याकडे एका सिगारेट कंपनीच्या आतल्या कागदांची सुमारे ४००० पानं येऊन पडली. पाठवणाऱ्याचं नाव 'मिस्टर बट्स', म्हणजे श्रीयुत थोटके. निकोटिनची सवय लागते हे कंपनीला अनेक वर्षं ठाऊक होतं आणि बाहेर मात्र उलट बोललं जात होतं, हे त्यात लिहिलेलं. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सिगारेट कंपन्यांवरच्या खटल्यात तडजोड झाली आणि कंपन्यांना कपाटंच उघडावी लागली. एक कोठार मिनियापोलिसला, दुसरं इंग्लंडात गिल्डफर्डला. आज सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या संग्रहात असे एक कोटीहून जास्त कागद कोणालाही घरबसल्या वाचता येतात. कुठल्याही समन्वयकाशिवाय.

आमचं स्वतःचं पोर्टल याच्या अगदी उलट. त्यावर वाढदिवसाच्या केकचे फोटो सापडतात, अहवाल सापडत नाहीत. सापडला तर पोर्तुगीजमध्ये, तोही आडवा स्कॅन केलेला. उघडायला परवानगी लागते, आणि ती देणारा गृहस्थ निवृत्त.

गेल्या महिन्यात ओलीचं भांडण पुन्हा उकरलं गेलं. या दोन पद्धतींची तुलना आपल्याच कंपनीत कोणीतरी पूर्वी केली होती, असं एका म्हाताऱ्या सहकाऱ्याला आठवत होतं. पोर्टलवर शोधलं, नाही. ब्राझीलला विचारलं, उत्तर नाही. शेवटी रात्री घरी, बायको झोपल्यावर, चोरून सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहात शोधलं. चौथ्या मिनिटाला अहवाल सापडला. आमचाच. सत्तरच्या दशकातला, स्वच्छ टाइप केलेला, सारणीसकट. ज्यांनी आमच्यावर खटले भरायला मदत केली, त्यांनी आमचं दप्तर आमच्यापेक्षा नीट लावून ठेवलंय.

त्याला एक चिठ्ठी जोडलेली होती. माझ्याच खुर्चीवर तेव्हा बसणाऱ्या माणसाची, सगळ्या प्रयोगशाळांना. ओलीचे आकडे कोणत्या पद्धतीनं काढता ते कृपया महिनाअखेरपर्यंत कळवावं. हे तिसरं स्मरणपत्र आहे. ब्राझीलकडून अद्याप काहीही आलेलं नाही.

मी ती चिठ्ठी तारीख बदलून मंगळवारच्या बैठकीला पाठवून दिली. विधी विभागानं ती अडवली. मजकुराबद्दल त्यांची तक्रार नव्हती. हा कागद मला मिळाला कुठून, ते लेखी हवं होतं.