गळती की गलती

सोसायटीचा सेक्रेटरी मी कसा झालो ते विचारू नका, त्या मीटिंगला मी गैरहजर होतो एवढंच सांगतो. आता एजीएमचं इतिवृत्त लिहायचं माझ्याकडे आणि कमिटीचं म्हणणं की हल्ली एआय ऐकून सगळं लिहून देतं, तर तू तीन टूल्स घे, ट्रायल फुकट असते, बघ कुठलं बरं. मी म्हटलं बघतो. तिथेच फसलो.

कारण बघायचं म्हणजे कशाशी ताडून? बरोबर कुठलं हे ठरवायला कोण नक्की काय बोललं ते आधी शब्दन् शब्द लिहिलेलं पाहिजे, आणि ते लिहिणार कोण तर मीच. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग (त्यात बारा मिनिटं नुसतं पार्किंग) मी चार रात्री हेडफोन लावून उतरवत बसलो. बायको म्हणाली, अरे मग झालं की इतिवृत्त, झोप आता. तिला प्रोसेस कळत नाही.

मार्क द्यायची रीत तशी सोपी, चुकलेले, गाळलेले आणि पदरचे घुसडलेले शब्द मोजायचे नि मूळ शब्दसंख्येने भागायचं, टक्केवारी जितकी कमी तितकं टूल चांगलं. पण या हिशोबात ‘पाहिजे’चं ‘पायजे’ झालं तरी एक चूक आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या ‘माझा विरोध आहे’चं ‘माझा विरोध नाही’ झालं तरी एकच चूक! पहिलीने कुणाचं काही बिघडत नाही, दुसरीने काका मला लिफ्टमध्ये गाठतात. गाठलंच. वर रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणे मी असं बोललोच नव्हतो.

पहिल्या टूलला ळ ऐकू येत नाही, त्याने ‘पाचव्या मजल्याची गळती’ला ‘पाचव्या मजल्याची गलती’ केलं, जे खरं तर जास्त बरोबर आहे पण मार्क कापावे लागले. दुसऱ्याला शांतता सहन होत नाही, चहा आला तेव्हा सगळे गप्प बसले तिथे त्याने ‘चॅनल सबस्क्राइब करायला विसरू नका’ लिहिलं. तिसऱ्याची भाषा एकदम वकिली, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. आमच्याकडे चहात साखर किती हेसुद्धा आजवर सर्वानुमते ठरलेलं नाही. तीच फाइल परत दिली तर म्हणतं ‘बहुमताने’. मग प्रत्येकाला तीन-तीनदा चालवणं आलं, आणखी दोन रात्री गेल्या.

शेवटी मतं घ्यायची ठरली. 2023 मध्ये चॅटबॉट अरीना नावाने सुरू झालेल्या वेबसाइटवर एआय चॅटबॉटची नावं झाकून त्यांची दोन उत्तरं शेजारी ठेवतात, लोक मत देतात, आणि त्यावरून बुद्धिबळातल्या एलोसारखं रेटिंग काढतात, तिथेही लांबलचक नटवलेल्या उत्तरांना जास्त मतं पडतात हे त्यांच्या लक्षात आलंय म्हणे. मीही नावं काढून कागदांवर नुसते नंबर टाकले, अर्ध्या लोकांना गठ्ठा उलटा दिला कारण वरच्या कागदाला उगाच झुकतं माप मिळतं, आणि गुपचूप चौथा कागद म्हणून माझं हाताने उतरवलेलं घातलं.

तिसरं टूल जिंकलं, ‘सर्वानुमते’ वाचून सगळ्यांनाच बरं वाटलं. माझा कागद शेवटून पहिला. त्यावर काकांच्या अक्षरात शेरा होता, ‘यात आपण फार भांडखोर वाटतो. हे नक्की मशीनने लिहिलंय.’