डिकीवरचा चट्टा आणि पोलादपूरची माती

काका, नमस्कार.

सही ‘एक जुना डेंटर’ एवढीच आहे, म्हणून काका म्हणतोय. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली आणि भिंग घेऊन गाडीपाशी जाऊन बसलो. उत्तराला आठवडा लागला तो त्यामुळे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इटालेरी या इटालियन कंपनीचं, १:१२ मापाचं (म्हणजे खऱ्या गाडीच्या बारावा हिस्सा) फियाट ५०० एफचं प्लास्टिकचं किट मी बांधलं. वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली दिसावी अशी गाडी जुनी केली आणि फोटो टाकले. त्यावर काकांचं म्हणणं असं. बॉनेटच्या मधोमध वीतभर चट्टा आहे, ‘तिथे गंज यायला वरून काय ॲसिडचा पाऊस पडला होता का?’ नंबरप्लेट इटलीची आणि चाकांना माती पोलादपूरची. दरवाजा सडलाय तो जाड पुठ्ठा कुरतडल्यासारखा. इंजिन ॲल्युमिनियमचं, त्याला तांबेरा कुठून चढला? आणि शेवटी, जे मला खरं लागलं ते: ‘आम्ही आयुष्यभर गंज काढून पोट भरलं. तुम्ही पैसे मोजून नव्या गाडीला गंज लावता. हा छंद आहे की टिंगल?’

जिथे मी बरोबर आहे तिथून सुरू करतो, म्हणजे पुढचं कबूल करायला जरा बळ येईल.

इंजिन. या गाडीचं दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, ४९९ सीसीचं इंजिन मागे असतं. त्याचा क्रँककेस आणि हेड ॲल्युमिनियमचे, हे तुमचं बरोबर. पण सिलिंडरचे बॅरल बिडाचे आहेत आणि बिडाला तांबेरा चढतो हे मी तुम्हाला काय सांगणार. झाकणाखालून जे लाल डोकावतंय ते बॅरल आणि त्याच्या खालचा सायलेन्सर. क्रँककेसवर लाल रंगाचा ठिपकाही नाही. तिथे राखाडीवर खडूची बारीक पूड बसवली आहे, ॲल्युमिनियम जुनं झालं की पांढुरकं पडतं तशी. फोटो अंधारा आला, एवढा दोष माझा.

आता माती. इथे तुम्ही मला रंगेहाथ पकडलंत. ती पोलादपूरची नाही, पण फार लांबचीही नाही. गावच्या घरामागची जांभ्याची माती वाळवून, मलमलच्या कापडातून दोनदा गाळून डबीत भरून ठेवली आहे. गेली सहा वर्षं प्रत्येक मॉडेलच्या चाकांना तीच लागते. सवय. तोरिनोची (इटलीतलं ट्युरिन) नंबरप्लेट लावताना हात डबीकडे गेला आणि डोकं त्याच्या मागे गेलं नाही. शिवाय कापडातून गाळूनही कण राहिलेच. भिंगाखाली एक कण पाव मिलिमीटरचा भरला. बाराने गुणलं की तो ३ मिलिमीटरचा खडा होतो. तुम्हाला ती धूळ न वाटता रस्त्याच्या कामावरची खडी वाटली असेल तर नवल नाही.

पण मातीपेक्षा तुमच्या बोलण्यात जे दडलेलं आहे ते जास्त महत्त्वाचं, ते तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला ऐकू आलं. ही गाडी इटलीची म्हणून सडलेली नाहीच. ती मुंबईची म्हणून सडली आहे.

कारण सांगतो. गंज कसा दिसतो हे मी शिकलो ते टॅक्सीवरून. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेवची. २० वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्याआधीची दोन वर्षं मी रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे फिरलो. टपाच्या पन्हाळी, काचेच्या रबराखालची कड, दरवाज्याचा तळ. ड्रायव्हर लोक विचारायचे, ‘साब, खरीदनी है क्या?’ कुर्ल्याला बनलेली पद्मिनी आणि ही छोटी ५००, दोन्ही मुळात फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांच्या हाताखालून आलेल्या, म्हणजे चुलत बहिणीच. म्हणून एकीचा आजार दुसरीला लावताना काही वाटलं नाही.

चूक तिथेच झाली. मुंबईत मीठ हवेतच असतं. पाऊस वरून येतो, पन्हाळीत साचतो, रबराखाली मुरतो, दरवाज्यात उतरतो आणि तळाची भोकं कचऱ्याने बुजलेली असली की तिथेच बसून राहतो. तोरिनोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी चाकं खालून वर उडवतात. म्हणजे मार बसतो तो मडगार्डच्या आतल्या कडेला आणि चाकामागे फूटबोर्ड सुरू होतो त्या तोंडाशी. माझ्या गाडीचा टप वरून पोळलाय आणि मडगार्डच्या कमानी जवळजवळ निरोगी आहेत. तोरिनोचा कोणी डेंटर हे बघून विचारेल की ही गाडी समुद्रात उलटी बुडवली होती का.

दोन जागा मात्र मी सोडणार नाही. ५०० एफच्या टपाचा पुढचा भाग कापडी, गुंडाळता येणारा. कापड जुनं झालं की पाणी थेट आत. म्हणून सीटखालचा, रबरी मॅटच्या खालचा पत्रा मी चाळणीसारखा केलाय आणि मॅट थोडी उचलून ठेवली आहे. तो फोटो चौदावा होता, तिथपर्यंत फार लोक जात नाहीत. दुसरी जागा पुढच्या डिकीतली बॅटरीची बैठक. ॲसिडने तो पत्रा खाल्ला जातो हे इटलीतही तेच आणि इथेही तेच.

दरवाज्याबद्दल तुमची नजर दाद देण्यासारखी आहे. किटचं प्लास्टिक साधारण दीड मिलिमीटर जाड. बाराने गुणा, १८ मिलिमीटर. एवढ्या जाड पत्र्याला रणगाड्याचा पत्राही म्हणता येईल. तुमच्या हाताखालून गेलेला पत्रा एक मिलिमीटरच्या आतला. म्हणून भोक पाडायचं तर आधी आतून छोट्या ग्राइंडरने प्लास्टिक घासत जायचं, मधे मधे दिव्यासमोर धरायचं आणि उजेड तांबूस दिसायला लागला की थांबायचं. मग सुईने टोचून कडा फाडायच्या, कापायच्या नाहीत. डाव्या दरवाज्याला हे नीट केलं होतं. उजव्याला कंटाळा केला, सरळ सुरीने कापलं आणि वर रंगाचा दाट थर देऊन झाकलं. तुम्ही बरोबर उजव्याचाच फोटो धरलात.

भोकाच्या भोवतीचे फुगे मात्र दोन्हीकडे सारखे आहेत. पत्रा आतून सडायला लागला की आधी रंग फुगतो, हे पद्मिनीवर बघितलेलं. सुईच्या टोकावर फेविक्विक घेऊन एकेक थेंब ठेवायचा, तळाकडे दाट, वर विरळ, सुकला की रंग. एक फुगा पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचा. त्याहून मोठा झाला तर गाडीला देवी आल्यासारखी दिसते.

आणि आता तो चट्टा.

आधी एक खुसपट: या गाडीत ते बॉनेट नव्हे, ती डिकी. त्याखाली पेट्रोलची टाकी आणि बॅटरी. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी पहिलं उत्तर तेच लिहिलं होतं: ‘खाली बॅटरी असते काका, ॲसिडच्या वाफेने वरचा पत्रा सडतो.’ वाचायला इतकं बरं वाटलं की पाठवणारच होतो. पण खरं नाही ते. म्हणजे वाफेबद्दल कोणी वाद घालू शकेल, पण मी तिथे चट्टा त्यासाठी केला नव्हता. मी तो केलाच नव्हता.

झालं असं. रंग उडालेला दाखवायला आम्ही हेअरस्प्रे वापरतो. खाली गंजाचे रंग, त्यावर हेअरस्प्रेचा पातळ थर, त्यावर गाडीचा ॲक्रिलिक रंग. रंग हाताला कोरडा लागला की तासाभरात कोमट पाणी लावून आखूड ब्रशने हळूहळू घासायचं. पाणी रंगातून आत जातं, हेअरस्प्रे विरघळतो आणि रंग बारीक बारीक कपच्यांनी सुटतो. सगळं गणित थराच्या जाडीवर आणि वेळेवर. मी हे काम जुलैत काढलं. चार दिवस धार लागलेली, घरात पापड सुद्धा वातड होत होते. हेअरस्प्रे सुकेना म्हणून एकावर एक असे तीन हात दिले, आणि रंग मारल्यावर वीज गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घासायला घेतलं. आधी काहीच हलेना. जोर लावला. आणि मग डिकीच्या मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा पापुद्रा एकदम उचलून आला आणि ब्रशला चिकटून वर गेला.

नखाएवढा म्हणजे दीड सेंटिमीटर. बाराने गुणलं तर अठरा. तुम्ही वीतभर म्हणालात. फोटोवरून, माप न घेता.

त्या क्षणी दोन वाटा होत्या. डिकी घासून पुन्हा रंगवायची, नाहीतर त्या चट्ट्याच्या कडांना बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) लावून, टर्पेंटाईनने खाली ओघळ ओढून, असंच करायचं होतं असा चेहरा करायचा. मी दुसरी धरली. फोटोत तो सगळ्यात उठून दिसला आणि सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं. एकाने तर ‘हा पॅच कसा साधला’ विचारलं आणि मी त्याला पद्धत समजावून सांगितली! ती ओळ आता काढून टाकली आहे.

उभ्या गाडीच्या सपाट पत्र्यावर, मधोमध, कारण नसताना गंज येत नाही. पाणी तिथून वाहून जातं. हे मला माहीत होतं, तरी गप्प बसलो. या छंदातल्या बऱ्याच जणांची ही खोड आहे. रणगाड्यांची मॉडेल करून आलेले लोक गाड्यांनाही तशीच सगळीकडून झोडपतात, कारण फोटोत ते छान दिसतं. १:३५ मध्ये ते खपून जातं. खरी ५०० तीन मीटरहून किंचित आखूड, १:१२ मध्ये ती २५ सेंटिमीटरच्या जवळ येते, आणि एवढ्या मापाला नजर लगेच कारण शोधायला लागते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. टिंगल नाही, एवढं तरी माना. कपाटात माझ्याकडे चकचकीत गाड्याही आहेत आणि त्यांना मी बोटाचा ठसा लागू देत नाही. पण या गाडीत एक जागा आहे जिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवला. डावं मागचं मडगार्ड परत बघा. तिथला रंग बाकी गाडीहून अर्धी छटा पिवळट आहे आणि चमक थोडी जास्त. कधीतरी तिथे ठोकर बसली, कोणीतरी पोचा काढला, लांबी (पुटी) भरली, पॉलिश पेपर मारला आणि जवळचा रंग जुळवून मारला, असं मनात धरून ते केलंय. खाली खरोखर पुटी भरून घासली आहे. तेवढ्या भागावर गंज नाही, कारण काम करणाऱ्याने खालून गंज रोखणारं रेड ऑक्साईड नीट मारलं होतं, असं मी ठरवलं. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हे आता कळलंय, आणि त्या मडगार्डला तुम्ही नावं ठेवली नाहीत. मी त्याचा मला हवा तो अर्थ काढतोय.

डिकी काल घासून प्रायमरवर आणली. पावसाळा संपेपर्यंत तिला हात लावणार नाही. उजवा दरवाजाही उतरवलाय (एफपासून बिजागऱ्या पुढे आल्या, १९५७ च्या पहिल्या गाड्यांचे दरवाजे उलटे उघडायचे) आणि आतून घासायला घेतलाय. मडगार्डच्या कमानींना तोरिनोचं मीठ लावायचं काम बाकी आहे. जांभ्याची डबी वरच्या फळीवर गेली.

एक विचारायचं होतं. दरवाज्याच्या तळाशी जुनी लांबी भरलेली दाखवायची आहे, दहा-बारा वर्षांपूर्वी भरलेली, आता सुटायला लागलेली. पद्मिनीच्या माझ्या फोटोंत अशी जागा एकही नीट सापडत नाही. लांबी फुटते तेव्हा चीर पत्र्याच्या कडेने सरळ जाते की जाळी पडते? आणि तुकडा पडला की खाली दिसतो तो पत्रा काळा असतो की तांबडा? तुम्ही सांगेपर्यंत दरवाजा कोराच ठेवतो.