बायकांची ८०० मीटर बंद पाडायची सोपी कृती

सोसायटीच्या क्रीडा समितीवर तुमची वर्णी लागली असेल तर आधी अभिनंदन. पावतीपुस्तक, शिट्टी आणि माइक तिन्ही तुमच्याच हातात. पण सांभाळा. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी एखादी चाळिशीची बाई येईल आणि म्हणेल, "माझं नाव ८०० मीटरला लिहा." अशा वेळी काय करायचं, ते मी नुकतंच सव्वीस जानेवारीला जवळून पाहिलं. कारण ती बाई मीच.

पहिल्यांदा हसा. मोठ्यांदा नाही, कौतुकाने. "वा वहिनी!" म्हणा आणि फॉर्म बाजूला सरकवा.

मग तिच्या गुडघ्यांची चौकशी करा.

ती चार महिने पहाटे साडेपाचला उठून पळते आहे, हे तिच्या तोंडून ऐकून घेतलंत तरी लक्षात ठेवायची गरज नाही.

तरीही हटत नसेल तर इतिहास काढा. इतिहासापुढे बाई गप्प बसते. आमच्या समितीच्या काकांनी मोबाइल काढून ग्रुपवर आलेला मजकूर वाचूनच दाखवला: १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्या, निम्म्या वाटेतच कोसळल्या, उरलेल्या शेवटी बेशुद्ध पडल्या, म्हणून ती शर्यतच बंद करावी लागली. "विज्ञान आहे वहिनी, आम्ही नाही म्हणत." तुम्हीही असंच करा. फक्त एक पथ्य पाळा, त्या शर्यतीची खरी माहिती चुकूनही वाचू नका. मी वाचली आणि दोन रात्री झोप लागली नाही.

ॲमस्टरडॅम, २ ऑगस्ट १९२८. बायकांना ऑलिम्पिकच्या धावणे-उडी-फेक या मैदानी खेळांत प्रवेश मिळाला तो त्याच वर्षी, तोही मोजून पाच प्रकारांत. तेवढंही कोणी आपणहून दिलं नव्हतं. ॲलिस मिलिया नावाच्या फ्रेंच बाईने बायकांची वेगळी संघटना काढली, १९२२ मध्ये पॅरिसला बायकांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा भरवल्या, तेव्हा कुठे साहेब लोकांनी दार किलकिलं केलं. तर ८०० मीटरच्या अंतिम फेरीत नऊजणी होत्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली. जागतिक विक्रम! मागोमाग जपानची किनुए हितोमी. ही मूळची कमी पल्ल्याची धावपटू. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत बाद झाली, पण तोंड लपवून बसली नाही, ८०० ला उभी राहिली आणि रौप्य घेऊन गेली. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी बाई. कॅनडाची बॉबी रोझेनफेल्ड दमलेल्या धाकट्या सहकारी मुलीच्या खांद्याशी पळत राहिली, तिला चौथी येऊ दिलं आणि स्वतः पाचवी आली. नऊच्या नऊजणींनी शर्यत पुरी केली.

आणि वर्तमानपत्रांत काय छापून आलं? एका अमेरिकी बातमीदाराने तर अकराजणी पळताना पाहिल्या! त्यातल्या पाच वाटेतच थांबल्या आणि पाच रेषेनंतर कोसळल्या म्हणे. नऊजणींच्या शर्यतीत अकरा! रेषा ओलांडल्यावर काहीजणी धापा टाकत आडव्या झाल्या, हे खरं. ८०० मीटर जीव तोडून पळालेला माणूस उभ्याउभ्या पोवाडा म्हणतो का? पण बातमीवर विश्वास बसला, कारण तो बसवायचाच होता. शर्यत रद्द. ती परत आली १९६० मध्ये, रोमला. मधली ३२ वर्षं ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरपलीकडे बाई पळू शकली नाही. राडकेचा विक्रम होता, हितोमीचं पदक होतं, पण पुढच्यांसाठी पुरावा मानला गेला तो अकरा आकडा.

याच ऑलिम्पिकमध्ये वीस वर्षं आधी, १९०८ ला लंडनमध्ये, इटलीचा दोरान्दो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये शिरला, उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा पडला, पंचांनी उचलून त्याला रेषेपार नेला. बाद झाला बिचारा. मग? मॅरेथॉन बंद झाली? राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला! पुरुष पडला की पराक्रम. बाई टेकली की वैद्यकीय पुरावा.

हे लांबलं, माफ करा. आपण सल्ला देत होतो.

बायकांसाठी लिंबू-चमचा ठेवा. नाव मात्र 'महिला सक्षमीकरण क्रीडा महोत्सव' द्या.

पुरुषांची ८०० थाटात घ्या. आमच्याकडे तिघे उतरले. एकजण दुसऱ्या फेरीत पोट धरून बाकावर बसला, एकाने कुंपणापाशी जाऊन सकाळचे पोहे परत केले, तिसरा चालत आला. तिघांनाही प्रमाणपत्रं. माइकवरून "जिद्दीला सलाम!" मी चमचा तोंडात धरून ऐकत होते, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

आता चमचा काढलाय. काका, उपरोध पुरे. २०१६ ला माणदेशातली ललिता बाबर रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तेव्हा 'आपली साताऱ्याची पोरगी' म्हणून ग्रुपवर फुलं कोणी टाकली होती? तुम्हीच. ती ३००० मीटर पळाली, मध्ये अडथळे आणि पाणी ओलांडलं, ते तुम्हाला चाललं, कारण ती टीव्हीत होती. जिन्यात भेटणारी बाई आपल्याच पार्किंगभोवती चार फेऱ्या मारते म्हटल्यावर मात्र तुम्हाला तिचे गुडघे आठवतात. माझ्या गुडघ्यांची काळजी होती, तर गेल्या महिन्यात लिफ्ट बंद असताना सात मजले पाण्याचे कॅन मी चढवत होते, तेव्हा कुठे होतात? विज्ञान म्हणे! शहाण्णव वर्षांहून जुनी खोटी बातमी, तीसुद्धा न तपासता पुढे ढकललेली. लाज वाटायला हवी.

पंधरा ऑगस्टच्या फॉर्मवर 'महिला ८०० मीटर' हा रकाना छापा. एकटी आले तरी एकटी पळेन, वेळ लावायला घड्याळ मी आणते. लिंबू तुमच्याकडेच ठेवा, तिसऱ्या फेरीत तुमच्याच माणसांना लागेल.