बोटांत जोर नाही तर नर्सिंगला कशाला आलीस?

आज सकाळच्या ड्युटीला वॉर्डात जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. लांब होईल. माझ्या यादीत ज्या ट्यूटर आहेत, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहेत, त्यांनी मात्र कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आमच्या वॉर्डात सध्या बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली पोस्टिंगला आहेत. त्यातली एक अगदी शांत, कामाला चटपटीत, पेशंटशी मायेनं बोलणारी. उजव्या कोपराला क्रेप बँडेज आणि आत कापसाची घडी. बेड मेकिंग चालू असताना त्यांच्या मॅडम आल्या आणि सगळ्या पेशंटसमोर म्हणाल्या, "हे काय बांधून आलीयेस? आधी सोड ते. काम टाळायची नाटकं माझ्यासमोर नकोत." पोरीनं एक शब्द न बोलता बँडेज सोडलं, नीट गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि पुन्हा चादरीचे कोपरे दुमडायला लागली.

मॅडम गेल्यावर तिला ट्रॉलीपाशी बोलावून घेतलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो. पेन हातातून सटकतं. म्हटलं, डॉक्टरांना दाखवलंस? तर म्हणे, "प्रोसिजर फाईल रिपीट आलीय सिस्टर, सगळी परत हातानं लिहायचीय, ती पूर्ण झाली की दाखवते."

फाईल पूर्ण झाली की! हात गेला तरी चालेल, फाईल पूर्ण झाली पाहिजे. हे त्या पोरीचं बोलणं नाही, हे आपण तिच्या डोक्यात भरलेलं आहे.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचं सांगते. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. सकाळचे बीपी घ्यायचे होते. इचलकरंजीकडचे एक आजोबा होते, सगळा जन्म यंत्रमागावर गेलेला. कफ बांधला, बल्ब दाबून हवा भरली, आणि हवा सोडायची छोटी फिरकी फिरवायला गेले तर ती चिमटीत धरताच येईना. अंगठा आहे, तर्जनी आहे, दोन्ही हलतायत, पण मध्ये जोरच नाही. कफ आजोबांच्या दंडाला आवळलेला. "बाई, सोड की आता," म्हणाले. शेवटी डाव्या हातानं फिरवली. मागे आमच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बोटांत जोर नाही तर नर्सिंगला कशाला आलीस? घरी बस, लग्न कर."

पेशंटचे नातेवाईक हसले होते. ते हसणं आजही कानात आहे.

आता या फिरकीचं नीट समजून घ्या, कारण 'नाटक' म्हणणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं, ते पुस्तकातून शिकवतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या मागच्या खोबणीतून अल्नर नस जाते. तिथे ती जवळजवळ कातडीखालीच असते, म्हणून कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झणका जातो. कोपर दुमडलं की ती खोबण अरुंद होते आणि नस ताणली जाते. दुमडलेलं कोपर तासनतास कशावर तरी टेकवून ठेवलं की ती दबते. आधी करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, मग ती बधिर होतात, मग जोर जातो. आणि अंगठा-तर्जनीची चिमटीची पकड या नसेच्याच जिवावर असते. बीपीची फिरकी, इंजेक्शनच्या काचेच्या अँप्युलची मान, सलाईनच्या नळीचं चाक, सगळी चिमटीची कामं. मुलगी ताकदवान असली तरी नस दबली की चिमूट जाते.

आणि नस दबते कुठे? वॉर्डात थोडीफार, पण जास्त हॉस्टेलवर. एका खोलीत आम्ही चौघी आणि टेबल एक. मग कॉटवर पालथं पडून, दोन्ही कोपरं गादीच्या खालच्या फळीपर्यंत रुतवून लिहायचं. प्रोसिजर बुक, ड्रग फाईल, केअर प्लॅन, केस स्टडी, सगळं हातानं, लाल-निळ्या पेनानं, समास आखून. खाडाखोड झाली की पान फाडून पुन्हा. तारीख एका ओळीत खाली आली म्हणून अख्खी केस स्टडी रिपीट झालेली मी पाहिली आहे. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री बारा-एक वाजेपर्यंत कोपरावर सगळा भार. झोपल्यावर तोच हात दुमडून उशीखाली.

हातानं लिहिलं की डोक्यात बसतं, असं म्हणणारे येतील. बसतं, मान्य. पहिल्यांदा लिहिताना बसतं. तेच तिसऱ्यांदा उतरवताना फक्त हात मोडतो.

त्या सकाळनंतर मी कुणालाही काही सांगितलं नाही. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. दुखत होतं म्हणून गप्प नव्हते, त्या एका वाक्यामुळे गप्प होते. मॅडमनी विचारलं असतं "कुठल्या बोटाला मुंग्या येतात?", तर मी तिथेच ओपीडीला गेले असते. ओपीडी एक मजला खाली होती. त्याऐवजी मी मेडिकलमधून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणल्या, बाम चोळला, बीपी डाव्या हातानं घ्यायला शिकले, आणि मॅडम दिसल्या की उजवा हात पुढे करायचे.

मग मैत्रिणींच्या लक्षात आलं. आणि हॉस्टेलवर कुजबुज सुरू झाली की हिला कुष्ठरोग असणार.

कारण तेव्हा आम्ही नुकतेच कम्युनिटी पोस्टिंगहून आलो होतो. तिथे शिकवलं होतं की कुष्ठरोगात हाताची हीच नस सगळ्यात जास्त वेळा धरते, ती कोपरामागे बोटांनी चाचपून जाड झालीय का बघायची, अंगावर बधिर चट्टे आहेत का बघायचे. शिकवलेलं बरोबरच होतं. पण त्या मुलींनी माझी नस चाचपली नाही, माझं ताट वेगळं केलं. एक जण दुसऱ्या खोलीत राहायला गेली. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याला आनंदवन उभं केलं, आणि त्याच महाराष्ट्रात नर्स होऊ घातलेल्या मुली ताट वेगळं करतात! असता कुष्ठरोग, तरी काय झालं असतं? सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात, प्रकारानुसार सहा महिने नाहीतर बारा महिने, आणि माणूस बरा होतो. पण हे परीक्षेत लिहायला पाठ, वागायला नाही. लिहितानासुद्धा हात थरथरतोय माझा रागानं.

त्या मुलींवर आता माझा राग नाही. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, घाबरल्या होत्या. राग आहे तो मोठ्या माणसांवर.

आजोबांचं सांगायचं राहिलं. त्याच दिवशी दुपारी औषध द्यायला गेले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, हाताला मुंग्या येत्यात व्हय?" मी काही बोलले नाही, नुसती मान हलवली. त्यांनी आपला उजवा पंजा चादरीवर उताणा ठेवला, मग पालथा केला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग पार खपाटीला गेलेला, कातडी हाडांमध्ये आत गेलेली. "बघ, हितलं मांस गेलं. तवा कुणी इचारलं न्हाई, मी दावलं न्हाई. तू दाव." एवढंच. वॉर्डात दोन ट्यूटर, इन्चार्ज सिस्टर, तीन-चार डॉक्टर. माझ्या हाताबद्दल विचारलं ते ऑक्सिजन लावलेल्या पेशंटनं.

तरीही मी लगेच गेले नाही, कारण मॅडमच्या वाक्याचं ओझं आजोबांच्या सांगण्यापेक्षा जड होतं. पण त्यांचा तो पंजा डोळ्यांसमोरून हटत नव्हता, आणि कुष्ठरोगाची कुजबुज ऐकून आई धावत आली तेव्हा तिच्यासोबत एकदाची गेले.

डॉक्टरांनी आधी पाठ, दंड, हात सगळीकडे चट्टे पाहिले, नस चाचपली, ती जाड नव्हती. मग कागदाचा एक तुकडा दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरायला लावला आणि ओढला. डावा अंगठा सरळ राहिला, उजव्याचं टोक आपोआप वाकलं, कारण पकडीचा खरा स्नायू काम करत नव्हता, दुसराच स्नायू त्याची भरपाई करत होता. एनसीव्ही केली, त्यात विजेचे छोटे झटके देऊन नसेचा वेग मोजतात. कोपरापाशी वेग कमी निघाला. ऑपरेशन लागलं नाही. कोपर टेकवायचं नाही, फार वेळ दुमडून ठेवायचं नाही, आणि रात्री टॉवेलची घडी कोपराभोवती गुंडाळून वर क्रेप बांधायचं, म्हणजे झोपेत हात दुमडला जात नाही. फोन कानाला धरायचा नाही, इअरफोन लावायचा. पालथं पडून लिहिणं बंद, खुर्ची आणि टेबल, खाली मऊ घडी. महिनोन्महिने गेले, पण चिमूट परत आली. सुरुवातीला दाखवलं तर बऱ्याच जणांचं असं निभावतं. एकदा मांस झडायला लागलं की ऑपरेशन करूनही सगळं परत येईल याची खात्री नाही, कारण तुटलेले नसेचे धागे दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. कोपरापासून पंजापर्यंतचं अंतर मोजून बघा.

म्हणून "फाईल झाली की दाखवते" हे वाक्य मला सहन होत नाही.

मॅडम लोकांची बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. ड्युटीवर हात कोपरापर्यंत धुता आले पाहिजेत, आणि वॉर्डात फिरलेलं कापडी बँडेज पेशंटला लागायला नको, हे खरं आहे. काही मुली खरोखर टाळाटाळ करतात, हेही खरं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी हवी तर प्रॅक्टिकलची १०० टक्के भरावीच लागते. तो नियम मला चुकीचा वाटत नाही, वॉर्ड न बघता नर्स झालेली मलाही नको. पण बँडेज काढायला लावायचं तर शेजारी घेऊन सांगा ना. "रात्री बांध, दिवसा काढ, आज टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घे, पेशंट उचलायला दुसरीला पाठवते." किती सेकंद लागतात याला? हजेरी भरून काढायची सोय करा, त्यासाठी मुलीला दोषी ठरवू नका. फाईल टाईप करून घ्या, नाहीतर चुकलेलं तेवढंच पान परत मागा.

आपण जिच्या नावानं दिवा हातात घेऊन शपथ घेतो, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाहून आल्यावर आजारी पडली आणि १८५७ नंतर कित्येक वर्षं तिनं बिछान्यातूनच काम केलं. अहवाल लिहिले, इस्पितळांचे आराखडे तपासले. अंग साथ देत नाही म्हणून कुणी तिला या व्यवसायातून बाहेर काढलं नाही. मग ज्यांचे दोन बोटांचे स्नायू थकलेत त्या मुलींना घरी कशाला बसवायचं?

माझ्या त्या मॅडम आता निवृत्त झाल्या. एकदा एका लग्नात भेटल्या, प्रेमानं बोलल्या, त्यांना काहीही आठवत नव्हतं. त्यांच्याही वेळी त्यांना कुणीतरी असंच बोललं असणार, ते कळतं मला. चांगलं शिकवायच्या त्या. त्यांनी शिकवलेली ड्रेसिंगची पद्धत मी आजही वापरते. पण ते वाक्य माफ करायला मला अजून जमलेलं नाही, आणि जमवायची घाईही नाही.

आजच्या मॅडमशी उद्या बोलणार आहे. भांडायला नाही, समोरासमोर बसून. ऐकलं नाही तर त्यांच्या प्राचार्यांकडे लेखी देईन.

नर्सिंग शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना हातापायाला मुंग्या येतात, त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून गप्प बसू नका. कुठल्या बोटाला येतात, रात्री येतात की दिवसा, कोपर दुमडल्यावर वाढतात का, हे कागदावर लिहून हाडांच्या किंवा मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे जा. साखर, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, अंगावर चट्टे आहेत का तेही दाखवा, लाजू नका. मानेतून नस दबली असेल तर उपाय वेगळा असतो, त्यामुळे माझा टॉवेल बघून स्वतःवर प्रयोग करू नका.

आणि एक विनंती. बाहेर एनसीव्हीला जे पैसे लागतात ते हॉस्टेलवरच्या मुलीला जड जातात. कोल्हापूर, सांगली, मिरज भागात सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्यांनी ही तपासणी कुठे होते, कोणत्या वारी होते आणि केसपेपर कुठून काढायचा, एवढं मला इनबॉक्समध्ये कळवा. या आठवड्यात एकीला घेऊन यायचंय.