साईज कुठं गेली? रागावलेल्या मालकांना उत्तर

मालक, नमस्कार.

‘लेबलाची डिझाईन एकदाच करा, बाकीचं एक्सेलमधून ओढा’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट आहे. इतकी वर्षं तुमचा ऑपरेटर एक लेबल बनवून त्याच्या कॉप्या मारायचा आणि साईज, किंमत हातानं बदलायचा. माझा लेख वाचून त्यानं लेबलाला एक्सेलची शीट जोडली. २२ ते ४२ सगळ्या साईज नीट आल्या, पण एक्सएल आणि डबल एक्सएलच्या ६०० स्टिकरांवर साईजची जागा कोरी. शाळेचं मराठी नाव फुटलं ते वेगळंच. तुम्ही शेवटी लिहिलंत, ‘कॉम्प्युटरवाल्यांनी आमच्या पैशानं शिकू नये.’

लागलं. आणि साईजच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. ही खोड मला माहीत होती, तरी लेख लांबतोय म्हणून मी ती गाळली होती.

झालं काय ते सांगतो. बरीच लेबल सॉफ्टवेअर एक्सेलची फाईल स्वतः वाचत नाहीत, मधे एक ड्रायव्हर, म्हणजे फाईल वाचून पुढं देणारा छोटा प्रोग्रॅम, बसलेला असतो. एका रकान्यात एकाच जातीचा माल असणार, अशी त्याची पक्की समजूत. मग हा रकाना आकड्यांचा की अक्षरांचा हे ठरवायला तो नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त पहिल्या ८ ओळी बघतो. तुमच्या शीटमध्ये पहिल्या आठ ओळी कुठल्या? २२, २४, २६, २८, ३०, ३२, ३४, ३६. मोजून आठ. त्यानं ठरवलं, साईज म्हणजे आकडा. पुढं ४२ पर्यंत बिनबोभाट गेलं. मग एक्सएल आलं. हा आकडा नाही, म्हणून त्यानं ती जागा रिकामी समजली. तक्रार नाही, लाल अक्षरात सूचना नाही, प्रिंटरनं मुकाट्यानं कोरी जागा छापली. ऑपरेटरला रागावू नका. त्याच्या शीटमध्ये एक्सएल डोळ्यांसमोर दिसत होतं.

तुम्ही लिहिलंय की रकाना ‘टेक्स्ट’ करूनही फरक पडला नाही. पडणार नाहीच. आधी टाईप केलेल्या आकड्यांवर नंतर फॉरमॅट बदलला तर वरचा रंग बदलतो, आतला आकडा आकडाच राहतो. रकाना निवडा, ‘डेटा’ मेनूत ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘टेक्स्ट’ निवडून ‘फिनिश’ करा. मग प्रत्येक आकड्याच्या घराच्या (सेलच्या) कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण येतो. एरवी तो चुकीची खूण वाटतो आणि लोक तो घालवायच्या मागं लागतात. लेबलाच्या शीटमध्ये तो दिसला की मला उलट बरं वाटतं. आता सगळ्या साईज अक्षरं झाल्या, त्यामुळं एक्सएल बिनतक्रार त्या रांगेत बसतं.

हाच आजार चटणीवाल्यांना दुसऱ्या तऱ्हेनं होतो. शेंगा चटणीच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी परवाना नंबर लागतो. तो साध्या घरात टाईप केला की एक्सेल १.१५ई+१३ असं काहीतरी दाखवतं आणि तशीच शीट सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाईल) म्हणून सेव्ह केली की मागचे आकडे खरोखरच जातात. नंतर घर रुंद करून ते परत येत नाहीत. तारखेचंही तेच. १ जानेवारी २०२४ एक्सेलच्या पोटात ४५२९२ म्हणून बसलेली असते आणि कधी कधी पाकिटावर तेच छापून येतं. म्हणून लेबलासाठीच्या शीटमध्ये मी साईज, नंबर, तारीख, किंमत सगळं अक्षर म्हणूनच ठेवतो. बेरीज-वजाबाकीची शीट वेगळी.

आता मराठी. ‘फुटलं’ एवढंच लिहिलंत, कसं फुटलं ते नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. सगळीकडं प्रश्नचिन्हं आली असतील तर सीएसव्ही सेव्ह करताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं सांभाळणारा साठवणीचा प्रकार) निवडलेलं नाही. इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा काला आला असेल तर शाळेचं नाव जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं साठवायची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाईप केलेलं आहे. ते मुळात इंग्रजीच साठवलेलं असतं, फॉन्टाचा अंगरखा घातला की मराठी दिसतं, आणि शीटमधून लेबलावर जाताना अंगरखा मागं राहतो. तिसरा प्रकार म्हणजे अक्षरं मराठीच, पण वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षराचे पाय मोडलेले. तिथं मजकूर प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टात छापला जातोय, त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. विंडोजमधला युनिकोड फॉन्ट निवडा आणि मजकूर चित्र म्हणून प्रिंटरला पाठवा. छपाई किंचित हळू होईल.

मजकुराच्या मांडणीवरून तुम्ही टोमणा मारलात, ‘फॉन्ट लावायला लेख कशाला?’ इथं मात्र मी मागं हटणार नाही. इंग्रजी लेबलाच्या सवयी देवनागरीला लावल्या की घोळ होतो. नाव रुंद दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शिरोरेषा तुटते, आणि ‘शेंगा’ दोन घरं सोडून बसलेल्या शेजाऱ्यांसारखी दिसते. ओळी जवळ आणल्या की वरचा अनुस्वार आणि रफार कापले जातात. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टात तिथं चौकोन उमटतो. तिथं सरळ ‘रु.’ लिहा.

सगळ्यात घातक म्हणजे मजकूर जागेत मावेल तसा आपोआप लहान करण्याची सोय. ऑपरेटरला ती फार आवडते. पण ‘शेंगा चटणी’ मोठ्या अक्षरात आणि ‘लसूण घातलेली कारळाची चटणी’ मुंगीएवढी, अशी पाकिटं दुकानात शेजारी ठेवली की ती एकाच घरची वाटत नाहीत. मी आधी शीटमधलं सगळ्यात लांब नाव शोधतो, ते दोन ओळींत मावेल असा आकार ठरवतो आणि तोच सगळ्यांना लावतो. लांबी मोजायला एक्सेलचं सूत्र वापराल तर एक गंमत लक्षात ठेवा. ‘शेंगा’ आपल्याला दोन अक्षरं, त्या सूत्राला पाच. ते मात्रा, अनुस्वार आणि काना वेगवेगळे मोजतं. त्यामुळं सूत्रानं पहिली चार-पाच नावं निवडा आणि त्यातलं लांब कुठलं ते पडद्यावर डोळ्यांनी बघा.

राहिला तुमचा मूळ मुद्दा, हातानं करणंच बरं. मालक, काही कामांत खरंच बरं. टॉवेलचं एकच लेबल ५,००० छापायचं असेल तर शीट कशाला जोडायची? पण तुमचं काम तसं नाही. एका शाळेचे शर्ट, पँट आणि पिनो (मुलींचा बिनबाह्यांचा फ्रॉक), प्रत्येकाच्या १३ साईज, म्हणजे ३९ लेबलं. अशा २० शाळा धरल्या तर ७८०, आणि तीही जूनच्या आधी, रात्रपाळीत. हातानं बदलताना ३४ च्या लेबलावर ३२ ची किंमत राहून गेली तर तो एक स्टिकर गठ्ठ्यात दडतो आणि दुकानदाराच्या काउंटरवर सापडतो. शीटची चूक मोठी असते, पण ती एका ठराविक जागी बसलेली असते आणि शोधणाऱ्याला सापडते. फक्त रोल सोडायच्या आधी कुणीतरी शोधायला हवं, हे मी लिहायला हवं होतं.

मी आता चारच स्टिकर आधी काढतो: शीटमधला पहिला, शेवटचा, सगळ्यात लांब नावाचा आणि जिथं आकड्याच्या जागी अक्षर आहे तो. तुमच्याकडं हा चौथा काढला असता तर एक्सएलची कोरी जागा तिथंच दिसली असती. मूळ लेखात हे आणि आठ ओळींचं प्रकरण आज घातलंय, वर तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

आणि ते ६०० स्टिकर फेकले नसतील तर थांबा. सुटे केलेले नसतील, पट्टा अखंड असेल, तर कोऱ्या जागांचा भाग वेगळा कापा, पहिला स्टिकर बाहेरच्या बाजूला येईल असा गुंडाळून पुन्हा प्रिंटरला लावा. डिझाईनची एक कॉपी करून तिच्यात साईज सोडून सगळं काढून टाका आणि त्याच क्रमानं फक्त एक्सएल, डबल एक्सएल छापा. स्टिकरांमधली फट सेन्सर ओळखतो, त्यामुळं साईज जागेवर पडते. आधी दोन छापून बघा. टाफेट्याच्या (शिवायच्या कापडी लेबलांच्या) सलग पट्टीवर मात्र हा उद्योग करू नका, तिथं फट नसते आणि साईज सरकत सरकत किंमतीवर जाऊन बसते.